सतरा गुणांचा कागद: म्हाताऱ्या कर्करुग्णासाठी जी-८ किती कामाचा?

जी-८ म्हणजे एका पानाचा कागद. आठ प्रश्न, १७ गुण, भरायला पाच-सात मिनिटं, खर्च झेरॉक्सचा तेवढा. सत्तरी ओलांडलेला रुग्ण कर्करोगाच्या ओपीडीत आला की ऑपरेशन, केमो किंवा लाईट (रेडिएशन) ठरवण्याआधी तो भरायचा. १४ किंवा त्याहून कमी गुण पडले तर त्या माणसाची वार्धक्याच्या अंगाने सविस्तर तपासणी करायची. १४ च्या वर पडले तर नेहमीच्या पद्धतीने उपचार सुरू करायला हरकत नाही. एवढंच त्याचं काम, आणि तेवढंच काम त्याच्याकडून घेतलं तर तो ते चोख करतो.

निकाल आधीच सांगून ठेवतो: चाळणी म्हणून पाचपैकी चार. एक गुण कापला तो कागदापेक्षा त्याच्या भाषांतरापायी. फ्रान्समध्ये तयार झालेला हा कागद शब्दाला शब्द ठेवून मराठीत विचारला, तर मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला त्यातले निदान तीन प्रश्न भलतेच ऐकू येतात. मग गुण चुकतात आणि चुकलेल्या गुणांवर पुढचं सगळं उभं राहतं.

अशा कागदाची गरज का पडते? म्हाताऱ्या रुग्णाबाबत ओपीडीत दोन चुका होतात आणि दोन्ही नजरेच्या अंदाजाने होतात. ‘वय झालं, आता कशाला त्रास द्यायचा’ म्हणून आटोक्यात येण्यासारखा आजार सोडून दिला जातो. किंवा ‘स्वतःच्या पायानं चालत आले ना’ म्हणून तरुणाचा डोस जसाच्या तसा लावला जातो, आणि दहाव्या दिवशी जुलाब, तोंडात फोड, पांढऱ्या पेशी घटलेल्या अशा अवस्थेत तो माणूस तालुक्याच्या दवाखान्यात पोचतो. आधार कार्डावरच्या वयातून यातलं काही कळत नाही. पंचाहत्तरीची एक आजी अजून खुरपायला जाते, दुसरीला न्हाणीपर्यंत धरून न्यावं लागतं. अमेरिकेत ७० वर्षांपुढच्या, आजार पसरलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्यांच्या डॉक्टरांना सविस्तर तपासणीचे निष्कर्ष आणि सूचना दिल्या होत्या, त्या रुग्णांत गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण ५१ टक्के होतं. ज्यांच्या डॉक्टरांना दिल्या नव्हत्या, त्यांच्यात ७१ टक्के. जगण्याच्या काळात ठळक फरक पडला नाही. म्हणजे पहिल्या फेरीचा डोस विचाराने ठरवला म्हणून माणसं लवकर गेली नाहीत, हाल मात्र कमी झाले. उपचार हातचा जाईल या भीतीने ही तपासणी टाळणाऱ्यांनी हे आकडे नीट बघावेत.

आता एकेक प्रश्न.

पहिला जेवणाचा: तीन महिन्यांत खाणं खूप कमी झालं असेल तर ०, थोडं कमी १, पहिल्यासारखंच असेल तर २. ‘जेवण कसं आहे?’ असं विचारलं की ‘चांगलं आहे’ हेच उत्तर येतं. परक्या माणसापुढे जेवणाची तक्रार करायची आपली रीत नाही. म्हणून भाकरीचा हिशेब विचारावा. मुदत सणाने बांधावी, कारण तीन महिने कुणी मोजत नाही, पण संक्रांत, पाडवा, पोळा, दिवाळी सगळ्यांच्या लक्षात असते. ‘आजी, संक्रांतीला एका वेळेला किती भाकर खात होता? आता किती?’ दोनावरून दीडवर आली तर थोडं कमी. अर्ध्यावर आली किंवा नुसत्या पेजेवर, चहा-बिस्किटावर दिवस निघत असेल तर खूप कमी. आणि लगेच विचारावं की भाकर का सुटली? भूकच नाही, घास अडकतो, की दात नाहीत? कागदावर तिघांनाही सारखेच गुण मिळतात, उपाय मात्र तीन तऱ्हेचे. अन्ननलिकेच्या गाठीने घास अडकणाऱ्याला ‘पौष्टिक खा’ सांगून उपयोग नाही, त्याला जेवणासाठी नळी घालायची का, याचा निर्णय केमोच्या आधी व्हायला हवा. कवळी सैल झालेल्याला आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं.

दुसरा वजनाचा: तीन महिन्यांत ३ किलोपेक्षा जास्त घट ०, माहीत नाही १, १ ते ३ किलो घट २, घट नाही ३. इथली खोट ‘माहीत नाही’मध्ये आहे. बहुतेक घरांत वजनकाटा नसतो, मग भरणारा १ लिहून मोकळा होतो. सहा किलो उतरलेल्या माणसाला त्यामुळे शून्याऐवजी एक गुण मिळतो. आधी पिशवीतले जुने कागद बघावेत. सोनोग्राफीची चिठ्ठी, आधीच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, कुठेतरी वजन लिहिलेलं असतं. नसेल तर अंगावर बघावं: बांगडी कोपराकडे सरकते का, झंपर आवळून शिवून घेतलाय का, अंगठीला दोरा गुंडाळलाय का, कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलंय का. पोटात पाणी किंवा पायावर सूज असेल तर काट्यावरचा आकडा फसवा असतो. अंग झडलेलं असतं आणि वजन तेवढंच दिसतं. दंड आणि मांडी हाताने चाचपून बघणं इथे काट्यापेक्षा खरं बोलतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बॉडी मास इंडेक्सच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या प्रश्नात. १९ च्या खाली ०, १९ ते २१ ला १, २१ ते २३ ला २, २३ आणि पुढे ३. आता उभा जन्म शेतात गेलेला, जन्माचा सडपातळ माणूस घ्या: उंची १६० सेंटिमीटर, वजन ४८ किलो. ४८ ला १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६ ने भागलं की १८.७५. गुण शून्य. बाकीच्या सातही प्रश्नांत पैकीच्या पैकी मिळाले तरी त्याची बेरीज १४, म्हणजे तो चाळणीत अडकला. युरोपातल्या भरल्या अंगाच्या माणसांवर बेतलेली ही पट्टी आपल्याकडच्या काटक माणसाला आजारी ठरवते. म्हणून काही जण स्वतःच्या मनाने हे आकडे खाली आणतात. तसं करू नये, कारण मग १४ या रेषेला अर्थच राहत नाही. गुण आहे तसा लिहावा आणि शेजारी शेरा मारावा: ‘पहिल्यापासून सडपातळ, वर्षभर वजन स्थिर’. पुढच्या तपासणीत असा माणूस बहुधा पटकन सुटतो. उलट चूकही होते. पाठीला बाक आलेल्या आजीची उंची कमी भरते आणि इंडेक्स खोटा वाढतो. तिथे दोन्ही हात आडवे पसरायला लावून मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेपने मोजावं. ते माप तरुणपणीच्या उंचीच्या जवळपास येतं.

हिंडण्या-फिरण्याचा प्रश्न मराठीत असा उतरवलेला दिसतो: ‘आपण घराबाहेर जाता का?’ आपल्याकडे ‘बाहेर जाणं’ म्हणजे परसाकडे जाणं. म्हातारा माणूस लाजून ‘हो, जातो’ म्हणतो आणि दोन गुण मिळवून बसतो. ठिकाणाचं नाव घेऊन विचारावं: ‘बाबा, मारुतीच्या पारापर्यंत एकटे जाता का? शेतात शेवटचं कधी गेलात?’ एकटा जात असेल तर २, घरातल्या घरात किंवा ओट्यापर्यंत असेल तर १, बाज सुटत नसेल तर ०.

स्मृती आणि मन यांचा प्रश्न सगळ्यात कच्चा. स्मृतिभ्रंश किंवा खिन्नता तीव्र असेल तर ०, सौम्य १, काही नाही तर २, आणि हे ठरवायचं कसं ते कागद सांगत नाही. घाईत सगळ्यांनाच २ मिळतात. निदान सोबत आलेल्याला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात: पैशाच्या हिशेबात चुका व्हायला लागल्या का, ओळखीची वाट चुकली का, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात का. मनाचं मात्र रुग्णालाच विचारावं, आणि मुलगा-सून खोलीबाहेर असताना. ‘उदास वाटतं का’ या शब्दांना उत्तर येत नाही. ‘कशात जीव लागत नाही असं होतं का?’ म्हटलं की डोळे भरून येतात.

औषधांचा प्रश्न लहान, एका गुणाचा: रोज तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का? गुणापेक्षा इथे हाती लागते ती माहिती मोलाची. तोंडी विचारून उपयोग नाही, पुढच्या खेपेला घरातली सगळी पिशवी आणायला सांगावं. बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर मेडिकलवरून आणलेली गुडघेदुखीची गोळी, वैदूची पुडी, झोपेची अर्धी गोळी, हे सगळं त्यातच निघतं. गुडघ्याची ती गोळी बहुधा डायक्लोफिनॅकसारखी असते आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाबरोबर तिने किडनीवर दुहेरी मार बसतो. झोपेची गोळी आणि ॲलर्जीची एव्हिल म्हाताऱ्या मेंदूला झेपत नाहीत. रात्री बरळणं, अंथरुणातून उठून पडणं त्यातून सुरू होतं आणि घरचे समजतात आजार मेंदूत गेला.

‘तुमच्या वयाच्या इतरांच्या मानाने तुमची तब्येत कशी?’ हा सातवा. बरी नाही ०, सांगता येत नाही अर्धा, सारखीच १, जास्त चांगली २. ‘देवाच्या कृपेनं ठीक आहे’ हे उत्तर यात कुठेच बसत नाही. गावातल्या जोडीदाराचं नाव काढायला लावावं, ‘तुमच्या बरोबरीचे अजून कोण आहेत? त्यांच्यापेक्षा तुम्ही बरे की ते?’, मग नेमकं उत्तर मिळतं.

शेवटी वय: ८० च्या आत २, ८० ते ८५ ला १, ८५ च्या पुढे ०. हा प्रश्न सोपा वाटतो, पण अनेक म्हाताऱ्यांच्या आधार कार्डावर १ जानेवारी ही तारीख असते, म्हणजे वय अंदाजाने टाकलेलं. इथे मराठवाड्याचा इतिहास कामाला येतो. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी आईच्या कडेवर होता की गुरं राखत होता? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा लेकरं किती होती? १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपावेळी पहिलं नातवंड झालं होतं का? दोन उत्तरं जुळली की वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती येतं.

कागदाची बेरीज झाली. चुकण्याचं प्रमाणही माहीत असावं. फ्रान्समधल्या मोठ्या ऑन्कोडेज अभ्यासात या कागदाने खरोखर कमजोर असलेल्यांपैकी ७६.५ टक्के पकडले, आणि धडधाकट असलेल्यांपैकी ६४.४ टक्क्यांना बरोबर मोकळं सोडलं. म्हणजे चौघांतला एक कमजोर माणूस निसटतो. १६ गुण पडले पण रुग्ण खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतोय, असं दिसलं तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा आणि पुढची तपासणी करावी.

पुढच्या तपासणीसाठी फार काही लागत नाही. हाताची खुर्ची, जमिनीवर ३ मीटरवर चिकटपट्टीची रेघ आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. एकदा सराव करू द्यावा, काठी वापरत असतील तर काठीसह. आपल्याकडे एक गोष्ट हमखास चुकते: चपला दाराबाहेर काढून आलेला माणूस गुळगुळीत फरशीवर अनवाणी चालतो, पाय जपून टाकतो आणि वेळ वाढतो. चपला घालायला लावाव्यात. वळताना किती पावलं पडतात, तोल कुठे जातो, हे सेकंदांइतकंच बघण्यासारखं. आणि ‘सहा महिन्यांत पडला होता का?’ असं विचारून थांबू नये. ‘न्हाणीत पाय घसरला, बाजेवरून उतरताना तोल गेला, असं काही?’ असं विचारावं, कारण मोडलं नाही तर ते पडण्यात धरत नाहीत.

स्मृतीसाठी मिनी-कॉग प्रसिद्ध आहे: तीन शब्द लक्षात ठेवायचे आणि घड्याळ काढायचं, ५ पैकी ३ च्या खाली गुण म्हणजे शंका. ज्या आजीने जन्मात पेन्सिल धरली नाही तिला घड्याळ काढायला लावणं अन्यायाचं आहे, त्यात बुद्धीऐवजी शाळेची परीक्षा होते. तिथे निरक्षरांसाठी भारतातच तयार झालेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही चाचणी जास्त योग्य, वेळ थोडा जास्त लागला तरी.

मग किडनी. या एका पायरीसाठी कॅल्क्युलेटर उघडायचा कंटाळा केला तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. ७४ वर्षांची, ४२ किलोची आजी, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) ०.९, लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’. किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते ते सांगणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं गणित करा: १४० वजा ७४ म्हणजे ६६, गुणिले ४२, भागिले ७२ गुणिले ०.९, आणि बाई म्हणून गुणिले ०.८५. उत्तर ३६. किडनी निम्म्याहून कमी कामावर आहे. स्नायूच कमी म्हणून क्रिएटिनिन कमी दिसतं, त्यावर जायचं नाही. ३० ते ५० च्या दरम्यान कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीचा सुरुवातीचा डोस पाऊण करतात आणि ३० च्या खाली ती देत नाहीत. ३० ते ३९ असेल तर हाडांसाठीचं झोलेड्रोनिक ॲसिड ४ ऐवजी ३ मिलिग्रॅम. सिस्प्लॅटिनचा तर इथे पुन्हा विचारच करावा लागतो.

हे सगळं झाल्यावर कार्ग गुणांक काढावा. २०११ मध्ये अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या ५०० रुग्णांवरून तो बेतला. जी-८ ने अडवलेल्या माणसाला केमो द्यायची तर किती झेपेल, याचा अंदाज तो देतो. वरच्याच आजीला जठराचा कर्करोग आहे असं धरू. ७२ किंवा त्यापुढचं वय २, पचनसंस्थेचा कर्करोग २, दोन औषधांची केमो २, पूर्ण डोस २, हिमोग्लोबिन ९.४ म्हणजे बायकांसाठीच्या १० च्या खाली म्हणून ३, ऐकू कमी येतं म्हणून २. बेरीज १३. मूळ अभ्यासात १० किंवा जास्त गुणांच्या गटातल्या ८३ टक्के लोकांना गंभीर दुष्परिणाम झाले होते. एकच औषध आणि कमी डोस केला की १३ चे ९ होतात, म्हणजे मधला गट, ५२ टक्के. घरच्यांपुढे हे दोन आकडे मांडले की बोलणं ‘देता का नाही’वरून ‘काय देऊ आणि किती’वर येतं. कार्गमधला एक प्रश्न ‘एक ब्लॉक चालता येतं का’ असा आहे. ब्लॉक आपल्याकडे नाही. घरापासून किराणा दुकानापर्यंत, साधारण शंभर मीटर, असं काहीतरी धरावं. ऐकण्याचे गुण लिहिण्याआधी कानात मळ आहे का ते बघून घ्यावं, कधी दोन गुण तिथेच निघून जातात.

कागदाचा गैरवापर दोन प्रकारचा दिसतो. एक, प्रश्न मुलाला विचारून भरणं. मुलगा पुण्यात कामाला आणि आई गावात, तिच्या ताटातली भाकर त्याने महिन्यात एकदा पाहिलेली असते. विचारायचं ते सुनेला, नाहीतर शेजारणीला. दुसरा जास्त वाईट: १४ किंवा कमी गुण बघून फाईलवर ‘फक्त सपोर्टिव्ह’, म्हणजे नुसता त्रास कमी करण्यापुरते उपचार, असं लिहून टाकणं. कमी गुणांचा अर्थ ‘आणखी तपासा’ एवढाच आहे. त्यातली बरीच कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात. भूक, दात, डोळ्यांतला मोतीबिंदू, नको त्या गोळ्या, घरात रात्री सोबत नसणं. सुधारणेला दोन आठवडे दिले तर अनेकदा उपचाराचं दारही उघडतं.

शेवटचं, कागद एकदा भरून फाईलच्या तळाशी टाकायचा नाही. तो वरच्या पानाला स्टेपल करावा आणि दर दोन फेऱ्यांनी जेवण, वजन, चालणं हे तीन प्रश्न पुन्हा विचारावेत. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो तेव्हा दर फेरीला, कारण केमोचे जुलाब आणि ऊन एकत्र आले की ३६ वर चालणारी किडनी दोन दिवसांत बसते. घरी नेताना सोबत थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं द्यावीत, एक पाकीट एक लिटर पाण्यात. कागदाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहावं: ताप १००.४ गेला, की सकाळची वाट न बघता निघा. म्हाताऱ्या माणसाला पेशी घटल्यावर कधी तापही येत नाही. नुसतं गळून जाणं, न बोलणं, जेवण टाकणं एवढंच दिसतं, तेव्हाही तसंच निघायचं. हिंगोलीच्या आडगावातून मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचायला पाच-सहा तास जातात, म्हणून जवळच्या दवाखान्यात पहिली अँटिबायोटिक आणि सलाईन लागावी यासाठी तिथल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी आधीच देऊन ठेवावी.